पुस्तकांचा वानोळा

कोल्हारच्या पुढे, प्रवरेपासून हाकेच्या अंतरावर, आम्ही निवृत्तीनंतर दोन खोल्या आणि एक पडवी बांधली तेव्हा आम्हां नवराबायकोत एक तह झाला होता. अंगण आणि पडवी त्याच्या झाडांची, आतल्या भिंती माझ्या पुस्तकांच्या. मी नगरच्या एका कॉलेजात बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते. कुणी पेन उसनं मागितलं तरी मी नोंदवहीत सही घेऊन देत असे. तरी हा तह मात्र तोंडी झाला, आणि त्याची मला अजून चुटपुट लागते. (नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणते. लिहिताना 'तो' म्हणते, कारण लिहिताना तो उलट उत्तर देऊ शकत नाही.)

पहिला उन्हाळा तह टिकला. दुसऱ्या वर्षी एप्रिल लागताच पडवीचे पत्रे तापले आणि एक फर्न आत आलं. "दोनच दिवस, ऊन उतरेपर्यंत," तो म्हणाला. आमच्याकडे ऊन उतरायला जून उजाडावा लागतो. फर्नच्या मागोमाग मनीप्लांट आलं, मग एक कसलंसं विलायती झाड, ज्याची पानं तळहाताएवढी आणि नखरे त्याहून मोठे. या माणसाला बोट दिलं की मनगट धरतो हे मला लग्नापासून ठाऊक आहे. महिन्याच्या मध्यावर पूर्वेच्या खिडकीखालच्या फळीवर सात कुंड्या होत्या आणि तिथली माझी पुस्तकं शेजारच्या फळ्यांवर आडवीतिडवी कोंबलेली होती.

नवरा पाटबंधारे खात्यातला. उभा जन्म कालव्याचं पाणी वाटण्यात गेला, त्यामुळे कुंड्यांनाही तो आवर्तनानं पाणी देतो. भिंतीवर त्याचा कागद लावलेला आहे, कोणत्या कुंडीला कोणत्या वारी किती तांबे. सगळ्यांत शेवटच्या कुंडीला आधी आणि जवळच्या कुंडीला मागून. नोकरीत असताना कालव्याच्या शेवटच्या माणसापर्यंत पाणी कधी नीट पोचलं नाही याची त्याला रुखरुख आहे, ती बिचारा त्या फर्नवर फेडतो. पण या भरात कुंड्यांखाली बशा ठेवायच्या राहिल्या. पाणी वरच्या फळीतून खालच्या फळीवर झिरपत होतं आणि आम्हां दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

एका सकाळी मी खालच्या फळीवरचं एक पुस्तक ओढलं तर ते दमट लागलं, आणि त्यातून एक चंदेरी किडा सुळकन पळाला. कसर लागली होती. मी हाक मारली, "अहो." चाळीस वर्षांच्या संसारात या एका शब्दाचे किती प्रकार होतात हे त्याला माहीत आहे. हातातली झारी बाहेर ठेवूनच तो आत आला.

सगळी पुस्तकं बाहेर काढायची, पुसायची, सकाळचं ऊन द्यायचं आणि मध्ये कडुनिंबाचा पाला घालून परत लावायची, असं मी ठरवलं. त्यासाठी दोन बाजा मागायला शेजारच्या वस्तीवर आक्काकडे गेले. आक्का साठीच्या पुढची, मोठ्या बागायतदार घरातली सासू, हातात कायम निवडायला घेतलेलं सूप. तिनं विचारलं बाजा कशाला हव्यात. मी म्हटलं, पुस्तकं वाळवायची आहेत.

"मग यकटीच करनार व्हय?" तिनं सूप खाली ठेवलं. "वाळवन काय यकट्याचं काम हाय मॅडम? आमी येतो सकाळी समद्याजनी."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात उन्हाळ्यात कुणाचंही वाळवण त्या एकाच घराचं नसतं. आज हिच्या कुरडया, उद्या तिच्या शेवया, आणि सगळ्याजणी आळीपाळीनं सगळ्यांकडे. हातभार लावणारीला जागेवर गव्हाचा गरम चीक खायला मिळतो आणि जाताना पदरात वाटा. ज्या घरांतून कुणी येऊ शकलं नाही त्यांच्याकडे वानोळा जातो, म्हणजे घरात नवं झालेलं काहीबाही चवीपुरतं. आणि वानोळ्याचं भांडं रिकामं परत येत नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून येतं, पण रिकामं येत नाही. हे सगळं मला पाठ होतं. ते पुस्तकांनाही लागू पडेल हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला आक्का, तिची जाऊ आणि दोन सुना अशा चौघी हजर झाल्या. तीन बाजा, चार जुनी लुगडी, आणि कावळे हाकायला काळं फडकं बांधलेली काठी. कावळे पुस्तकं खात नाहीत असं मी म्हणून पाहिलं. "कावळ्याचं काय सांगता येतंय," आक्का म्हणाली आणि तिनं काठी रोवली.

मग माझी पुस्तकं लुगड्यांवर ओळीनं मांडली गेली, प्रत्येकाच्या मध्ये बोटभर अंतर, एकाला एक चिकटू नये म्हणून. पुस्तकांना नुसती हवा लागली तरी चालतं, कडक उन्हानं बांधणी उकलते, वगैरे मला शिकवलेलं होतं आणि मी बत्तीस वर्षं इतरांना शिकवलं होतं. पण आक्का पन्नास वर्षं वाळवण घालत होती. "मॅडम, तुमी सावलीत बसा," एवढ्यावर माझी पदवी निकालात निघाली. अर्ध्या तासानं चौघींनी सगळी पुस्तकं उलथली, कारण एकाच अंगानं वाळवलं तर दुसऱ्या अंगाला बुरा येतो. आक्का एकेक पुस्तक उचलून गालाला लावून बघत होती. एका अगदी बारक्या कवितासंग्रहाला तिनं दोनदा गाल लावला आणि "ह्ये आजून वलं हाय" म्हणून परत उन्हात टाकला. धाकट्या सुनेकडे कादंबऱ्यांची ओळ होती. ती उलथायला बसली ती उठेचना. जवळ जाऊन पाहिलं तर वाचत होती.

कावळे आले नाहीत. शेळी आली. कुणाचं लक्ष जाईपर्यंत तिनं मोठ्या शब्दकोशाचं शेवट शेवटचं सगळं खाल्लं, 'ह'पासून पुढचं. तेव्हापासून आमच्या घरात 'हक्क' आणि 'हट्ट' यांत नेमका काय फरक आहे हे कुणालाच बघता येत नाही.

साडेनऊला मी डांबराच्या गोळ्या आणि कापूर आणायला कोल्हारला गेले. जाताना नवऱ्याला बजावलं, "एक पुस्तक इकडचं तिकडे होता कामा नये." तो मोगऱ्याला आळं करत होता. "हो," म्हणाला. त्याचं 'हो' कालव्याच्या पाण्यासारखं असतं, वेळेवर जाहीर होतं पण पोचेलच असं नाही.

दुकानात गोळ्या लगेच मिळाल्या, पण रिक्षा काही केल्या भरेना. बारा वाजून गेल्यावर परतले तेव्हा अंगण झाडलेलं होतं, बाजा गेल्या होत्या आणि पुस्तकं फळ्यांवर लावलेली होती. फार छान वाटलं. मग सवयीनं नोंदवही काढली आणि एकेक क्रमांक ताडून बघितला. नऊ पुस्तकं कमी भरली.

"वाटा दिला," नवरा म्हणाला.

"कसला वाटा?"

"अगं, त्या चौघी सकाळपासून उन्हात राबल्या. आक्कानं विचारलं, वाट्याचं कसं करायचं? कुरडया असत्या तर तू दिल्या नसत्यास का? म्हटलं, घ्या एकेक, आवडेल ते. आणि पाच घरी वानोळा धाडला."

"पुस्तकांचा?"

"वाळवण पुस्तकांचंच होतं ना."

तो तिथेच थांबला असता तर बहुधा वाचला असता. पण त्यानं फळीकडे बघून वर म्हटलं, "शिवाय जरा जागाही झाली."

मी नोंदवहीत गेलेल्या नऊ क्रमांकांवर बोट फिरवलं. आठ पुस्तकं पुन्हा मिळण्यासारखी होती. नववं माझ्या वडिलांचं होतं.

माझे वडील एका साखर कारखान्याच्या बंगल्यांच्या बागेत कामाला होते. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबानं त्यांना फळझाडांचं एक जाडजूड सचित्र पुस्तक दिलं. वडिलांना तेव्हा वाचता येत नव्हतं. पगाराच्या कागदावर ते अंगठा उठवत. पुढे आमच्या वस्तीतल्या विहारात मोठ्या माणसांसाठी वर्ग निघाला तेव्हा त्यांनी नाव घातलं. पाटी घेऊन जायची लाज वाटायची, म्हणून काखेत हे पुस्तक मारून जायचे. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी स्वतःचं नाव अकरा वेळा लिहिलंय. पहिलं उतारावरून घसरल्यासारखं खाली गेलंय. तिसऱ्यात एक अक्षरच राहिलंय. सातव्यापासून ते ओळीत यायला लागलं, आणि अकराव्याच्या खाली त्यांनी एक ठसठशीत रेघ मारली आहे. त्यानंतर त्यांनी कधी अंगठा उठवला नाही. पुस्तकात पेन्सिलीची खूण केली म्हणून मी शेकडो मुलांना दंड केला असेल, पण माझ्याकडचं सगळ्यांत लाडकं पुस्तक हे असं होतं. निरोपसमारंभात हे कुणाला सांगितलं नव्हतं.

नवऱ्याला मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेळीनं खाल्लेले शब्द सोडून उरलेले पुरले. तो "मी पाहिलंच नाही गं, कुणी काय उचललं," एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. वडिलांना तोही फार मानायचा.

"मी मागून आणतो," तो म्हणाला. पण ते कसं जमणार? आमच्याकडे लोक एकमेकांचा बांध कोरतील, पण दिलेला वानोळा परत मागणार नाहीत. तेव्हा संध्याकाळी मी एकटीच 'सहज, चौकशीला' म्हणून बाहेर पडले.

पहिल्या घरी माझा इतिहासाचा जाड खंड कूलरच्या मोडक्या पायाखाली होता. "आता तसूभर हालत न्हाई," घरच्या बाईनं कौतुकानं दाखवलं आणि चहा ठेवला. दुसऱ्या घरी एक कथासंग्रह लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून बसवला होता. तिथेही चहा. तिसऱ्या घरी एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर पडवीत बसून बायकोला अर्थशास्त्र मोठ्यानं वाचून दाखवत होते. बायको केव्हाच झोपली होती. मी बसले म्हणून त्यांनी सुरुवातीपासून पुन्हा वाचायला घेतलं. अशी पाचही घरं झाली. प्रत्येक ठिकाणी माझं पुस्तक दिसलं, पण ते नव्हे. पोटात पाच चहा आणि छातीत जळजळ घेऊन शेवटी आक्काच्या वस्तीवर गेले.

धाकटी सून चुलीपुढे कादंबरी घेऊन बसली होती आणि भाकरी करपत होती. मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "शेवट सांगू नका मॅडम. अन् यवढ्यात परत बी मागू नका." थोरलीनं आणि आक्काच्या जावेनं आपापली पुस्तकं दाखवली. तीही निराळी होती.

"आणि आक्कांनी कोणतं घेतलं?"

"आत्याबाईंनी व्हय? ते झाडांच्या चित्रांचं," थोरली म्हणाली. "पर त्या दुपारच्या यष्टीनं गेल्या की नेवाशाला, लेकीकडं. आठ दिस ऱ्हातील. तिथं बी वाळवन हाय."

"पुस्तक?"

"पिशवीत घालून नेलं न्हवं."

आक्काचा मोबाईल फळीवर चार्जिंगला लावलेला होता, म्हणजे फोनचाही प्रश्न मिटला. मी सहावा चहा घेतला. घरी येताना एकच विचार डोक्यात होता. वाळवणाच्या घरी जाताना बाई रिकाम्या हातानं जात नाही. आक्कानं ते पुस्तक लेकीला वानोळा म्हणून दिलं, लेकीनं जावेला, जावेनं माहेरी, असं ते चवीचवीनं पुढे गेलं तर ते मला या जन्मी दिसणार नाही.

पुढचे आठ दिवस घरात कुणी कुणाशी कामापलीकडे बोललं नाही. दुसऱ्याच दिवशी नवऱ्यानं सातही कुंड्या आपणहून पडवीत नेल्या. तिसऱ्या दिवशी फर्न वाळलं. त्यानं भिंतीवरच्या कागदावर फर्नच्या नावावर काट मारली, आणि मला फार वाईट वाटलं.

इकडे बाकीची पुस्तकं आपसूक परत यायला लागली, आणि एकही रिकामं आलं नाही. अर्थशास्त्र आलं ते कैरीच्या लोणच्याच्या वाटीसकट. "लई खोल हाय मॅडम, आमच्या आवाक्यातलं न्हाई," कंडक्टर म्हणाले. इतिहासाच्या खंडाबरोबर शेवग्याच्या शेंगांची जुडी आली आणि कूलरखाली वीट गेली. कथासंग्रहाच्या पानापानांत कडुनिंबाचा पाला घातलेला होता, आणि त्याला लोणच्याचा वास येत होता, तो अजून येतो. एकेक पुस्तक मी नोंदवहीत जमा करत होते आणि प्रत्येक वेळी वडिलांच्या पुस्तकाच्या क्रमांकाकडे बघत होते.

नवव्या दिवशी सकाळी आक्का आली. काखेत धडप्यात बांधलेलं काहीतरी होतं आणि ओच्यात पाच कैऱ्या. कैऱ्या तिनं ओच्यातून काढून माझ्यापुढे ठेवल्या. "रिकामं कसं आनायचं," म्हणाली.

मी कैऱ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. धडपं सोडलं, पुस्तक उलटं केलं आणि शेवटचं पान उघडलं.

वडिलांची अकरा नावं होती. त्यांच्या खाली, रेघेखाली, निळ्या बॉलपेननं दुसरं एक नाव लिहिलेलं होतं. खाली घसरलेलं. त्याच्या खाली तेच नाव, एक काना कमी. त्याच्या खाली पुन्हा तेच, अशी पानाच्या कडेपर्यंत नऊ नावं. सगळ्यांत शेवटच्या नावाखाली एक रेघ.

"पुस्तकात लिहू नये, दंड होईल," हे वाक्य माझ्या ओठांवर आपोआप आलं होतं. ते बत्तीस वर्षं तिथेच राहतंय.

"रागावू नका मॅडम," आक्का म्हणाली. "मला काय वाचता येत न्हाई. पर चित्रं बघता बघता ह्ये पान दिसलं, अन् कुनीतरी शिकल्यालं कळलं. पयलं वाकडं, मग जरा बरं, मग सरळ. म्हनलं, ह्या मानसाला जमलं तर आपल्याला का जमू नये? आधार कार्डावर माजं नाव हाय, त्यावर बघून काढलं. लेकीकडं दुपारी समदे झोपले की बसायची." मग म्हणाली, "सोसायटीत आंगठा घेताना तिथला मानूस आपला हात धरून दाबतो. मला ते आवडत न्हाई."

मग तिनं पानावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "शेवटी रेघ मारायचीच असती ना?"

"हो," मी म्हटलं. "जमल्यावर मारायची असते."

आणि मला रडू आलं. नवरा पाण्याचा तांब्या घेऊन येत होता. मला रडताना बघून त्याला वाटलं पुस्तकाचा निकाल लागला, आणि तो दारातूनच पुन्हा माफी मागायला लागला. मी त्याला पान दाखवलं. त्यानं चष्मा वर करून वरपासून खालपर्यंत वीसही नावं वाचली आणि तांब्यातलं पाणी आक्काला द्यायचं ते स्वतःच पिऊन टाकलं.

"माझे वडील आहेत हे," मी आक्काला सांगितलं.

तिनं पुन्हा एकदा पान निरखून बघितलं. "चांगलं आलंय त्यांचं," ती म्हणाली. "माजं आजून दोन ठिकानी बिघडतंय. पर जागा सरली. दुसरं पुस्तक हाय का?"

नवरा धावत जाऊन कोरी वही घेऊन आला. तिनं ती बाजूला सारली. "वहीत पोरं लिवत्यात. मला पुस्तक पायजे."

मी उठले. फळीवरून एकेक पुस्तक काढून त्याचं शेवटचं पान बघू लागले. उभ्या आयुष्यात मी कुणाला पुस्तक काढून दिलं ते आत काय छापलंय ते बघून. त्या दिवशी पहिल्यांदा शेवटी कोरी पानं किती आहेत ते बघून दिलं. तीन पानं कोरी असलेलं एक सापडलं.

मग मी नोंदवही काढली, क्रमांक लिहिला, आणि वही आक्कापुढे सरकवून पेन तिच्या हातात दिलं. "पुस्तक न्यायचं तर इथे सही लागते."

तिनं हात लुगड्याला पुसले. फार वेळ लागला. एक काना राहिला होता, तो तिनं मागाहून जागा करून बसवला. मग खाली रेघ मारली, आणि ती रेघ सरळ शेजारच्या तारखेच्या रकान्यात शिरली. मी चालवून घेतलं.